चिखलदऱ्याची सावलीतली कॉफी

"अरे, वऱ्हाडात कॉफी?" पुण्यातल्या मित्रांना चिखलदऱ्याच्या कॉफीबद्दल सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. त्यांच्या लेखी वऱ्हाड म्हणजे कापूस, संत्री आणि डोकं फोडणारं ऊन. असो.

तर मंडळी, ही कॉफी बरीच जुनी आहे. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि खालच्या उन्हाला कंटाळलेले साहेबलोक उन्हाळ्यात वर चिखलदऱ्याला राहू लागले. बंगले आले, बंगल्यांभोवती बागा आल्या. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये चिखलदऱ्यावर छोटीशीच नोंद आहे. त्यात गुलाब, ऑर्किड, नेचे, लिली यांचं कौतुक आहे आणि खासगी बागांत उत्तम कॉफी होते असंही म्हटलंय. (त्या बागांना पाणी कोणी घातलं, ते मात्र नाही!)

मला त्यातला 'खासगी बागांत' हा भाग महत्त्वाचा वाटतो. मळे नाहीत, बागा. कूर्ग-चिकमगळूरसारखे मळे इथे का झाले नसावेत? उंची तर आहे, साधारण ११०० मीटर, अरबिका कॉफीला चांगली मानवणारी. अडतं ते पावसाशी. मेळघाटात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. कर्नाटकात मार्च-एप्रिलच्या सरींनी कॉफी फुलते, तशा भरवशाच्या सरी इथे नाहीत. मग शेकडो एकरांना उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? पण बंगल्यामागच्या वीस झाडांना बादलीने घालता येतं. माझ्या मते चिखलदऱ्याची कॉफी बागेपुरती राहिली, म्हणूनच तिचे लाड कमी करावे लागले.

आणि सावली. कॉफी मुळात इथिओपियाच्या डोंगरी जंगलातली, उंच झाडांखाली वाढणारी. त्यामुळे बंगल्याच्या ज्या कोपऱ्यात गुलाब रुसतो तिथे ही खुशाल उभी राहते. शिवाय अरबिकाच्या खोडात शिरणारी पांढरी खोडकीड उन्हातल्या झाडांना जास्त धरते, म्हणजे सावली हीच निम्मी राखण. श्रीलंकेत मैलोन्‌मैल जंगल तोडून नुसती कॉफी लावली होती. १८६९ मध्ये तिथे पानांवर तांबेरा आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत धंदाच बसला, लोक चहाकडे वळले. (एकाच सर्व्हरवर सगळं ठेवल्यावर काय होतं ते आम्हाला विचारा :-))

हे सगळं वाचायचं कारण म्हणजे आई. परतवाड्याच्या आमच्या घरामागे भिंत आणि लिंबाच्या मधे एक चिंचोळी जागा आहे, दिवसभर सावली. आता घरी ती दोघंच असतात, बाबांचे गुडघे दुखतात, रोज खुरपणं होत नाही. "चिखलदऱ्याहून कॉफीचं रोप आणू का?" मी विचारलं. चिखलदरा वर डोंगरात, परतवाडा पायथ्याशी. मे महिन्यात खालची सावलीसुद्धा भाजते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

"थे वरच राहू दे बावा," ती म्हणाली. "इथं मोरीचं पाणी जाते, अळू लाव."

अळूचे कांदे शेजारच्या काकूंकडून आलेत. पुढच्या शनिवारी लावतोय.