राष्ट्रकुल निबंधस्पर्धा

राष्ट्रकुल निबंधस्पर्धा : राष्ट्रकुलातील मुलामुलींसाठी लंडनच्या रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीतर्फे घेतली जाणारी लेखनस्पर्धा. तिचा प्रारंभ १८८३ मध्ये झाला. शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय लेखनस्पर्धांत ती सर्वांत जुनी मानली जाते.

सोसायटीची स्थापना १८६८ मध्ये झाली. वसाहती म्हणजे खर्चाचा बोजा, असे मानणारा एक प्रभावी पक्ष तत्कालीन ब्रिटनमध्ये होता. त्या मताला उत्तर म्हणून वसाहतींविषयी ज्ञान व आस्था वाढविणे, हा संस्थेचा उद्देश होता. लवकरच ती रॉयल कलोनियल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. साम्राज्यविस्ताराला इंग्लंडच्या इतिहासाचे मुख्य सूत्र ठरविणारा जॉन सीली यांचा ग्रंथ १८८३ सालीच प्रसिद्ध झाला, हा योगायोग बोलका आहे. उगवत्या पिढीच्या मनात साम्राज्याविषयी आपुलकी रुजविणे हाच अशा उपक्रमांमागील हेतू होता. संस्थेची दारे मात्र सर्वांना सारखी खुली नव्हती. स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळाले ते १९२२ मध्ये.

१९२८ मध्ये संस्थेच्या नावात ‘एम्पायर’ व १९५८ मध्ये ‘कॉमनवेल्थ’ हा शब्द आला. दरम्यान १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यामुळे प्रजासत्ताक होऊनही भारताला राष्ट्रकुलात राहता आले. राजनिष्ठा ही सदस्यत्वाची अट उरली नाही, तेव्हा साम्राज्यासाठी जन्मलेल्या या स्पर्धेला नवा आशय शोधणे भागच होते. पुढे हवामानबदलासारखे प्रश्न विषय म्हणून आले (२०२०) आणि धोरणकर्त्यांना खडे बोल सुनावणारे लेखनही तिच्या चौकटीत बसू लागले. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत स्पर्धेला मिळालेले ‘क्वीन्स’ हे बिरुद २०२२ मधील तिच्या निधनानंतरही टिकून राहिले.

चौदा वर्षांखालील कनिष्ठ व १४ ते १८ वर्षांचा वरिष्ठ असे स्पर्धेचे दोन गट असून त्यांच्यासाठी अनुक्रमे ७५० व १,५०० शब्दांची मर्यादा आहे. नाव निबंधस्पर्धेचे असले, तरी कथा, कविता, पत्र वा छोटी संहिताही चालते. सुवर्ण, रौप्य व कांस्य प्रशस्तींबरोबर प्रत्येक गटात विजेता व उपविजेता निवडण्यात येतो.

लेखन इंग्रजीतच असावे, ही अट मात्र स्पर्धेच्या व्यापकतेला मर्यादा घालते. मराठी वा अन्य देशी भाषांच्या माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपला अनुभव परक्या भाषेत मांडावा लागतो. इंग्रजी शाळेतील स्पर्धकाशी त्याची बरोबरी आरंभीच विषम ठरते. ब्रिटिश वसाहत नसलेले मोझँबीक (१९९५) व रूआंडा (२००९) हे देश राष्ट्रकुलात आल्यावर हा प्रश्न अधिक स्पष्ट झाला. रूआंडाने २००८ मध्येच शिक्षणाचे माध्यम म्हणून फ्रेंचऐवजी इंग्रजी स्वीकारण्याचा निर्णय घेतला होता. मोझँबीकमध्ये मात्र पोर्तुगीज हीच शिक्षणाची प्रमुख भाषा राहिली.