शब्दवेध : भांडवल आणि नीवी

‘भांडवल’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘भाण्ड’ आहे. भांडे हा त्याचा अर्थ, आणि विकायचा मालही. माल हीच पुंजी असलेल्या व्यापाऱ्याचा हा शब्द. मुद्दल राखून व्याज खायचे, या व्यवहाराला मात्र वेगळे नाव होते. ते नाशिकला पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात कोरलेले आहे : अक्षयनीवी. नीवी म्हणजे मूलधन.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण (नाणी) दिले, पण संघाच्या हाती नव्हे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० ठेवले, दरमहा शेकडा एक दराने, आणि विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे या शिलालेखात स्पष्ट आहे. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते, म्हणजे वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो! हा व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवला गेला आणि त्याची नोंदही झाली.

याच लेखात एका सुवर्णाला (सोन्याच्या नाण्याला) ३५ कार्षापण हा विनिमयदरही आहे.  नहपानाच्या भडोच बंदरातून कापड रोमन जगाकडे जाई. विणकरांवर एवढा विश्वास का, याचे उत्तर मला त्या मागणीत दिसते. भांडवलशाहीचा इतिहास ॲमस्टरडॅमपासून सुरू करणाऱ्यांनी हा शिलालेख जरूर वाचावा.