निळू फुले : मावशीचा राग आणि नातीचं हसू

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं सिनेमावर काय बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. पण आमच्या घरात एका नटावरून तीन पिढ्यांचं भांडण आहे, आणि मला वाटतं ते भांडण तत्त्वज्ञानाचंच आहे.

नट म्हणजे निळू फुले.

माझी मावशी सातारा भागातली. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तिथं तिनं त्यांना पाहिलं. पांढरं धोतर, टोपी, मान किंचित तिरकी, आणि तो घोगरा, हळू आवाज. मावशी पदर तोंडाला लावून म्हणायची, "मेल्याच्या डोळ्याकडं बघवत न्हाई." पुढं घरात टीव्ही आला तरी ते पडद्यावर दिसले की ती उठून चुलीकडं जायची. यात आमची मावशी काही एकटी नव्हती. गावोगावच्या बायका त्यांना खरोखरचाच दुष्ट माणूस समजत, हे आता सर्वांना ठाऊक आहे.

आणि माझी नात? तिच्या मोबाइलवर निळूभाऊंचे फोटो येतात, त्यावर वाड्यावर बोलावणारं ते वाक्य लिहिलेलं असतं, आणि मैत्रिणी-मैत्रिणी खो-खो हसतात. तिला ते अतिशय आवडतात. "आजोबा, काय भारी माणूस!" म्हणते. तिनं त्यांचा एकही चित्रपट अखेरपर्यंत पाहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आता थोडा इतिहास. हा माणूस पुण्याचा, राष्ट्र सेवा दलात घडलेला. तरुणपणी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत असे. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं नाव झालं आणि 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेले अण्णांनी ते घराघरात पोचलं. पुढं 1972 साली रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर'. सेन्सॉर, कोर्ट, सगळं त्या नाटकानं पाहिलं. ती हकीकत स्वतंत्र व्याख्यानाची आहे, आज नको.

मला थांबायचंय ते 'सामना'पाशी. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन; 1975 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. काळ लक्षात घ्या. सहकारी साखर कारखान्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली होती. ज्या चळवळीनं शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायचं, तिच्यातूनच गावाचा नवा धनी उभा राहत होता. निळूभाऊंचा हिंदुराव हा तो धनी. आणि गंमत बघा, तो राक्षस नाही! रस्त्यावरच्या एका दारुड्या म्हाताऱ्याला, म्हणजे डॉ. लागूंच्या मास्तरला, तो घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो. तोच मास्तर पुढं गावभर विचारत सुटतो की मारुती कांबळेचं काय झालं. हिंदुरावाला आवाज चढवावा लागत नाही. ज्याचं सगळं गाव ऐकतं, त्यानं ओरडायचं कशाला? सत्तेबद्दल मी वर्गात तीस वर्षं जे सांगत होतो, ते हा माणूस नुसत्या मान हलवण्यातून सांगत होता.

फ्रेंच विचारवंत दिदरो म्हणतो की उत्तम नट स्वतः भावनेत वाहून जात नाही, तो थंड डोक्यानं प्रेक्षकाला हलवतो. निळूभाऊ याचं चालतंबोलतं उदाहरण. पडद्यावर बाईकडं तसं बघणारा हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात, सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात. 'सिंहासन'मधला दिगू टिपणीसही त्यांचाच. तिथं ते सत्ताधारी नाहीत, सत्तेकडं पाहून पाहून खचलेला पत्रकार आहेत.

मग मावशी चुकली का? आमचं रसशास्त्र सांगतं की नाट्यातली भीती ही 'माझी' किंवा 'त्याची' उरत नाही, ती साधारण होते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. मी एकदा हे मावशीला समजावायला गेलो. मोठा पंडित ना मी! ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या पुस्तकात आमच्या गावचा वाडा न्हाई." यापुढं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. तिला नट आणि माणूस यातला फरक कळत नव्हता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिला बहुधा फार नीट कळत होतं की हा नट कुणासारखा दिसतो.

म्हणूनच नातीचं हसू ऐकलं की माझं मन दुभंगतं. एकीकडं वाटतं, बरं झालं, या पोरींना त्या नजरेची भीती उरली नाही. दुसरीकडं वाटतं, ज्या वाक्यानं कुणाची तरी झोप उडत होती त्यावर आपण हसतोय, याची निदान माहिती तरी हवी. तिच्या पिढीला दोष देत नाही. मीम बनायला चेहरा आधी मनात बसावा लागतो, आणि 13 जुलै 2009 ला गेलेला माणूस आजच्या पोरांच्या मनात असा बसावा, हे लहान काम नव्हे.

गेल्या दिवाळीत मी तिला 'सामना' लावून दिला. पहिली काही मिनिटं ती हसली, मैत्रिणीला फोटो पाठवला. मग फोन उशीखाली गेला. संपल्यावर बराच वेळ गप्प होती. नंतर विचारलं, "आजोबा, मावशीआजी कुठल्या गावची होती?"

मी गावाचं नाव सांगितलं. वाडा अजून उभा आहे का, हे मात्र मलाही सांगता आलं नाही.