थोरला नंतरचा, धाकटा आधीचा

सर्व्हर विकत घ्यावा लागत होता तेव्हा सुरक्षेचे नियम फाइलीत असायचे. अर्ज करा, साहेबांची सही घ्या, खरेदी करा, मग यंत्र डेटा सेंटरच्या रॅकमध्ये बसवा. या लांबलचक वाटेत कुणीतरी विचारायचंच, “हे बाहेरच्या नेटवर्कला का जोडताय?” मार्च २००६मध्ये अॅमेझॉनने एस३ ही साठवणुकीची सेवा काढली, ऑगस्टमध्ये सर्व्हर भाड्याने देणारी ईसी२ आणली, आणि ती वाट संपली. क्रेडिट कार्ड असलेला कुणीही प्रोग्रॅमर मिनिटांत सर्व्हर उभा करू लागला. सह्या गेल्याचं दुःख कुणाला झालं नाही. पण तो प्रश्न विचारणाराही त्यांच्याबरोबरच गेला.

तो प्रश्न यंत्राकडून विचारून घ्यायचा, ही ‘पॉलिसी अॅज कोड’मागची कल्पना. नियम प्रोग्रॅमसारखा लिहायचा आणि प्रोग्रॅमनेच तो लावायचा. या घराण्याच्या दोन शाखा आहेत. एक सर्व्हर उभा राहण्याआधी तपासते, दुसरी उभा राहिल्यावर. गंमत म्हणजे यातली ‘नंतरची’ शाखा थोरली आहे.

थोरलीचं मूळ अशा भाड्याच्या सर्व्हरच्या, म्हणजे क्लाउडच्याही आधीचं. १९९३मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. यंत्र कसं असायला हवं ते सांगून ठेवायचं. प्रोग्रॅम ठरावीक वेळाने फिरून पाहतो आणि बिघडलेलं जागेवर आणतो. क्लाउडमध्ये हाच विचार नेटफ्लिक्सने ‘माकड’ म्हटलेल्या प्रोग्रॅमांच्या रूपात आणला. २०११मध्ये कंपनीने आपल्या ‘सिमियन आर्मी’ची ओळख जगाला करून दिली. मुद्दाम सर्व्हर पाडणारं केऑस मंकी गाजलं, पण त्याच टोळीत सिक्युरिटी मंकी होतं. चुकीच्या सेटिंग आणि मुदत संपत आलेली सर्टिफिकेटं हुडकणं हे त्याचं काम. २०१४मध्ये अॅमेझॉनने सेटिंगवर नजर ठेवणारं ‘कॉन्फिग’ आणलं. २०१६मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने ‘क्लाउड कस्टोडियन’ सर्वांसाठी खुलं केलं. त्यातला नियम वाचायला सोपा: कोणत्या प्रकारची वस्तू, त्यातल्या नेमक्या कुठल्या, आणि त्यांचं काय करायचं. मालकाचं नाव न लावलेले सर्व्हर शोध, त्यांवर खूण कर, मुदतीनंतर बंद कर.

धाकटीला उशीर झाला, कारण तिला वाचायला काही नव्हतंच. लोक वेबपानावर बटणं दाबून सर्व्हर उभारत, आणि दाबण्याआधीचं बटण कोण तपासणार? २०११मध्ये अॅमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन आणि २०१४मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीचं टेराफॉर्म आलं. सर्व्हर, नेटवर्क, परवानग्या सगळं मजकुराच्या फाइलीत लिहिलं जाऊ लागलं. टेराफॉर्म आधी ‘प्लॅन’ दाखवतं: जे नवं येणार त्यापुढे अधिकचं चिन्ह, जे बदलणार त्यापुढे नागमोडी, जे जाणार त्यापुढे वजा. बावीस नंबरच्या पोर्टसमोर ०.०.०.०/० लिहिलेलं दिसलं, की समजावं, सर्व्हरमध्ये लॉगिन करण्याची वाट अख्ख्या इंटरनेटला मोकळी होणार आहे. हे आता घडण्याआधी वाचता येत होतं, आणि जे माणसाला वाचता येतं ते प्रोग्रॅमलाही.

२०१६मध्ये असे नियम तपासणारा ‘ओपन पॉलिसी एजंट’ आला. डेटालॉग या जुन्या भाषेवर बेतलेली ‘रेगो’ ही त्याची नियमांची भाषा. २०१७मध्ये हॅशिकॉर्पने ‘सेंटिनेल’ काढलं आणि नियमांना तीन पायऱ्या दिल्या: नुसता सल्ला, अधिकाऱ्याला डावलता येईल असा नियम, आणि कुणालाच डावलता न येणारा. सल्ल्याची पायरी वरवर बिनकामाची वाटते. प्रत्यक्षात नवा नियम बहुधा तिथूनच सुरू करतात, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळ्यांची कामं अडतात.

आपल्याकडेही अशा नियमांना कारण मिळालं. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश काढला. अॅमेझॉनची मुंबईतली केंद्रं २०१६पासून सुरू होती. प्लॅनमध्ये डेटाबेसचं ठिकाण देशाबाहेरचं असेल तर नकार द्या, एवढं लिहिलं की आदेशाचा मोठा भाग कोडात उतरतो.

आधी अडवण्याची निकड २०१७ने पटवली. जूनमध्ये क्रिस विकरी या संशोधकाला सुमारे १९.८ कोटी अमेरिकी मतदारांची माहिती एस३वर पासवर्डविना पडलेली सापडली. ती डीप रूट अॅनालिटिक्स या कंपनीने ठेवलेली होती. नंतरच्या तपासणीला चूक सापडेपर्यंत चूक जगासमोर असते, हा तिचा जन्मजात दोष.

आधीच्या तपासणीचा दोष वेगळा: ती फक्त कागद पाहते. प्लॅनमध्ये कित्येक रकान्यांपुढे ‘उभारल्यावर कळेल’ एवढंच लिहिलेलं असतं. शिवाय रात्री दोन वाजता सेवा बंद पडली, म्हणून कुणी घाईत वेबपानावरून पोर्ट उघडलं, तर त्याची नोंद फाइलीत कुठेच नसते. २०१९मध्ये तर खुद्द कॅपिटल वनमधूनच सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन लोकांची माहिती चोरीला गेली. फायरवॉलची मांडणी चुकली होती आणि तिला गरजेपेक्षा जास्त परवानग्या होत्या. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. जिने नियमांचं हत्यार जगाला दिलं तिच्यावरच ही पाळी आली. नियम आपल्याला विचारलेलंच तपासतो. न सुचलेला प्रश्न दोन्ही शाखांना दिसत नाही.

प्रश्न सुचण्यावर विसंबायचं नसेल तर दार मुळातच बंद हवं. परवानगी दिल्याशिवाय प्रवेश नाही, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५मध्येच मांडलं होतं. एस३ची बकेट, म्हणजे फाइली ठेवायची पेटी, मुळात खासगीच असे, पण एका सेटिंगने ती जगजाहीर करता येई. २०१८मध्ये त्यावर कुलूप आलं आणि एप्रिल २०२३पासून प्रत्येक नवी बकेट कुलूपबंदच जन्मू लागली. ज्यासाठी हजारो कंपन्यांनी आपापले नियम लिहिले होते, ते काम उत्पादकाने एका बदलात केलं. जुन्या बकेटींना मात्र हा बदल लागू नाही. त्या हुडकायच्या तर थोरल्या शाखेलाच कामाला लावावं लागतं.