बिकिलाला बूट नको होते, की नव्हते?

गेल्या दिवाळीत बोनस झाला आणि मी पळण्यासाठी पातळ तळव्याचे बूट घेतले. तेच ते, 'अनवाणी पळल्यासारखं वाटतं' म्हणून विकतात ते. किंमत ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे बूट नसल्यासारखं वाटायला एवढे पैसे? आम्ही शाळेत रोज अनवाणी जायचो की, फुकटात!"

मी लगेच त्यांना अबेबे बिकिलाची गोष्ट ऐकवली. 1960 चं रोम ऑलिंपिक, इथिओपियाचा हा पठ्ठ्या अनवाणी मॅरेथॉन धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. बाबांनी शांतपणे विचारलं, "त्याला बूट नको होते, की नव्हते?"

आता आली का पंचाईत! मग एक अख्खा वीकेंड वाचण्यात घालवला.

तर झालं असं होतं की बिकिलाचे जुने बूट झिजले होते आणि नवे पायाला नीट बसेनात. अनवाणी सराव होताच, म्हणून तो तसाच धावला. त्यामागे काही तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं. आणि गंमत म्हणजे 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तोच बिकिला बूट घालून धावला. पाच-सहा आठवड्यांपूर्वीच त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तरीही तो जिंकला. तेही रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात! पण टोकियोचे बूट कुणाच्या लक्षात राहिलेत? लक्षात राहिले ते रोममधले पाय.

पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली आणि बुटांच्या टाचेखाली गादी वाढत गेली. 2000 नंतर लंबक उलटा फिरला. 2004-05 च्या सुमारास नाइकीने 'फ्री' नावाचे लवचिक बूट आणले. पाठोपाठ इटलीच्या व्हिब्रम कंपनीचे पाच बोटांचे 'फाइव्हफिंगर्स' आले. 2009 साली ख्रिस्तोफर मॅकडूगलचं 'बॉर्न टू रन' आलं. त्यात मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत साध्या चपला घालून कोसच्या कोस पळणारे ताराहुमारा लोक होते. लगेच 2010 च्या जानेवारीत हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये छापून आला: सवयीने अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर उतरतात, त्यामुळे टाचेवर बसणारा पहिला झटका टळतो. यात दुखापती कमी होतात असं कुठेही सिद्ध केलेलं नव्हतं. पण तेवढं बारकाईने वाचतो कोण? आपण तरी रिलीज नोट्स कुठे वाचतो :)

मग 2013 साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा अभ्यास आला. नेहमीच्या बुटांत पळणाऱ्यांना 10 आठवड्यांत हळूहळू फाइव्हफिंगर्सवर आणलं. अशा 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयमध्ये ताणाच्या खुणा दिसल्या. फायद्यांचे दावे पुराव्याशिवाय केले म्हणून व्हिब्रमवर अमेरिकेत खटला झाला. 2014 मध्ये कंपनीने चूक मान्य न करता 37.5 लाख डॉलरवर तो मिटवला.

आणि हे वाचून मी खरंच थांबलो. व्हिब्रमने 2010 मध्ये एका बुटाला नाव दिलं होतं... 'बिकिला'. परवानगी न घेता नाव वापरलं म्हणून त्याच्या कुटुंबीयांनी 2015 साली दावा लावला. फार उशीर केला या कारणाने 2016 मध्ये तो फेटाळला गेला. ज्याला रोममध्ये पायाला बसणारा बुटांचा जोड मिळाला नाही, त्याच्या नावावर बूट विकले गेले!

आपल्याकडचे शिवनाथ सिंगही अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. 1978 साली त्यांनी जालंधरला 2 तास 12 मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. हा भारतीय विक्रम कित्येक दशकं टिकला. असे पाय लहानपणापासून घडत येतात. माझे पाय केजीपासून काळ्या शाळेच्या बुटांत आणि नंतर एसी ऑफिसात वाढलेले. ते तीन आठवड्यांत कसे बदलणार?

नाहीच बदलले. चौथ्या आठवड्यात चवड्यात कळ आली. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पळणं बंद. जानेवारीतली हाफ मॅरेथॉन हुकली. त्या सकाळी मी बाल्कनीत गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो.

असो. कुणी विचारलं तर आता एवढंच सांगतो. पातळ बूट वाईट नाहीत, पण आधी घरात आणि चालायला वापरा. पळायला सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करा, बाकीचं अंतर जुन्याच बुटांत. बोटं मोकळी हलतील एवढी रुंदी बघा, आणि पोटरी किंवा चवडा दुखला तर हट्ट करू नका. ज्याला गादीचे बूट मानवतात त्याने ते खुशाल वापरावेत.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला पहिले बूट मिळाले आठवीत. त्या दिवशी घरापर्यंत पळत आलो होतो."

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.