अंबाजोगाईचे संगीतजीवन

अंबाजोगाई (निजामी राजवटीतील नाव मोमिनाबाद) हे महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील एक तालुक्याचे शहर आहे. योगेश्वरी देवीचे मंदिर आणि मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधी यांमुळे ते प्रसिद्ध असून ‘मराठवाड्याची सांस्कृतिक राजधानी’ असा त्याचा उल्लेख केला जातो. हे शहर जिल्ह्याचे मुख्यालय नाही आणि त्याला स्वतःचे रेल्वेस्थानकही नाही. गाण्याला लागणारा राजाश्रय किंवा मोठी व्यापारपेठ येथे नव्हती. येथील संगीत टिकले ते देवस्थानचे उत्सव, नागरिकांनी चालवलेल्या समित्या आणि शिक्षकांच्या घरी चालणाऱ्या शिकवण्या यांच्या बळावर.

दासोपंतांची पदे

शहराच्या संगीतपरंपरेचा सर्वांत जुना ठेवा म्हणजे दत्तभक्त संतकवी दासोपंत (शके १४७३–१५३७) यांची पदरचना. गीतेवरील विस्तृत टीका ‘गीतार्णव’ आणि कापडाच्या लांबलचक पटावर लिहिलेली ‘पासोडी’ यांमुळे दासोपंत अभ्यासकांना अधिक परिचित आहेत. त्यांचे पदकर्तृत्व त्या मानाने मागे पडले. ‘पदार्णव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या रचना गाण्यासाठीच केलेल्या असून त्या वेगवेगळ्या रागांत बांधलेल्या आहेत. त्यांच्या वंशजांची थोरले देवघर व धाकटे देवघर अशी दोन घराणी अंबाजोगाईत असून दत्तजयंतीच्या उत्सवात ही पदे गाण्याचा प्रघात आहे. पदांचे शब्द हस्तलिखितांत सुरक्षित राहतात, परंतु चाली केवळ गळ्यातून गळ्यात उतरतात. एखाद्या पिढीत गाणारे कमी झाले, तर पद उरते आणि चाल जाते. या पदांच्या बाबतीत जतनाचा खरा प्रश्न हा आहे.

उत्सवातील संगीत

योगेश्वरीच्या मंदिरात आश्विनातील शारदीय नवरात्राबरोबरच मार्गशीर्षातही नवरात्र साजरे होते व त्याची सांगता पौर्णिमेला होते. दत्तजयंतीही याच दिवशी येत असल्याने मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष हा शहरातील कीर्तन, भजन आणि गायनाचा भराचा काळ ठरतो. स्थानिक गायक-वादकांना ऐकणारा श्रोता येथे आयता मिळतो. तिकीट नसते व बिदागी बेताची असते, तरीही नवशिक्या तबलावादकाला साथीचा पहिला अनुभव बहुधा अशाच ठिकाणी मिळतो.

यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह

यशवंतराव चव्हाण यांचे २५ नोव्हेंबर १९८४ रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाण स्मृती समिती स्थापन झाली. भगवानराव लोमटे यांनी दीर्घकाळ तिचे नेतृत्व केले. समितीच्या वतीने नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांचा समारोह भरतो. शेतकरी परिषद, कवी संमेलन, बालआनंद मेळावा आणि शास्त्रीय संगीताची सभा हे सगळे एकाच मांडवात येते, हे त्याचे वैशिष्ट्य. पुण्या-मुंबईतील संगीत महोत्सवांना जाणारा श्रोता मुळात गाण्यासाठीच जातो. येथे पिकांवरचे भाषण ऐकायला आलेला माणूस रात्रीच्या मैफलीलाही बसू शकतो. ख्यालगायन ऐकण्याची सवय लहान गावात या मार्गाने लागते. हा समारोह कोणा एका दात्याचा किंवा शासकीय विभागाचा नाही. तो समितीच्या सभासदांच्या श्रमांवर उभा आहे.

याच शहरात १९८३ साली व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले होते. पुढे २००९ मध्ये बीड येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद संगीत रंगभूमीवरील गायक-नट रामदास कामत यांच्याकडे होते. अशा संमेलनांनी गाव काही दिवस गजबजते, परंतु त्यातून स्थानिक गायकाला दरवर्षी मंच मिळत नाही. त्या दृष्टीने वार्षिक समारोहाचे मोल अधिक आहे.

शिक्षण

संगीतशिक्षण मुख्यतः खाजगी वर्गांतून चालते. अभ्यासक्रमाला एकसूत्रीपणा मिळतो तो १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे. ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’ व ‘अलंकार’पर्यंतच्या या परीक्षा गायन, तबला, हार्मोनियम इत्यादींत घेतल्या जातात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव हे दुसरे व्यासपीठ होय. त्यात शास्त्रीय गायनाबरोबर लोकगीत, पोवाडा व समूहगान यांनाही स्थान असते. प्रगत शिक्षणासाठी मात्र विद्यार्थ्याला छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते आणि गेलेला कलावंत सहसा परत येत नाही. साथसंगत करणाऱ्यांची उणीव त्यामुळे लहान गावांना कायमच भेडसावते.

लोकसंगीत आणि ऊसतोडीचा हंगाम

शहराभोवतीच्या खेड्यांत संबळ व तुणतुण्यावर रंगणारा गोंधळ, देवीपुढे गाणारे आराधी मेळे, टाळ-मृदंगाची भजनी मंडळे आणि लग्न-जत्रांतील हलगी हे प्रकार प्रचलित आहेत. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस परततात. नवरात्रात मेळ्यात गाणारी माणसे नोव्हेंबरमध्ये फडात असतात. शहरातील मोठे कार्यक्रम नेमके याच काळात येतात, त्यामुळे ग्रामीण कलावंत आणि नागर श्रोता यांची गाठ क्वचितच पडते. लोकसंगीताचा कार्यक्रम आखताना गावची माणसे घरी असतात तो चैत्र-वैशाखाचा यात्राकाळ अधिक सोयीचा असतो.

ध्वनिमुद्रण व जतन

जतनाच्या कामाचे जिल्ह्यातील महत्त्वाचे उदाहरण अंबाजोगाईचे नसून माजलगावचे आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या प्रकल्पात १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध हे त्यांचे विषय आहेत. जात्यावर देवाच्या जोडीने, कधी देवाच्या जागी, बाबासाहेब आले, याचा हा बोलका पुरावा होय. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) या संकेतस्थळाने हा संग्रह गायिकांच्या नावांसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. विजेच्या गिरण्यांनी जाते बंद पडले तेव्हा ओवी गाण्याचे निमित्तही संपले. हे ध्वनिमुद्रण झाले नसते, तर त्या चाली आज ऐकता आल्या नसत्या. दासोपंतांच्या पदांनाही हीच पद्धत लागू पडण्याजोगी आहे.

आकाशवाणी व शासकीय साहाय्य

जिल्ह्यासाठी आकाशवाणीचे बीड केंद्र १०२.९ मेगाहर्ट्झवर प्रसारण करते. आकाशवाणीवर गाण्यासाठी स्वरचाचणी द्यावी लागते आणि तिच्या आधारे कलावंताला श्रेणी मिळते. ही श्रेणी पुढे कार्यक्रमांच्या मानधनासाठीही प्रमाण मानली जाते.

महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि पूर्वीचे श्रेणीनिहाय दर रद्द होऊन दरमहा सरसकट ५,००० रुपये मानधन ठरले. प्रत्येक जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड होते व त्यासाठी वयाची अट आहे. गोंधळी, भजनी व शाहीर यांना योजनेचा आधार मिळतो, पण तो उतारवयात. वाद्य विकत घेणे, गुरूकडे राहणे आणि गावोगाव साथीला जाणे हा खर्च ज्या वयात येतो, त्या वयातील कलावंताला ही योजना लागू होत नाही.