विनाशिका : नांव नाशाचें, काम राखणीचें

‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. नांवांत थोरवी आणि पदरांत कांहींच नाहीं, अशा प्रकारास आपण ती लावतों. इतिहासांत क्वचित् याच्या उलटही घडतें. नांव भीतिदायक आणि कार्य मात्र जीव राखण्याचें, अशी एक वस्तु इंग्रजांच्या आरमारांत निपजली. तिला ते ‘डिस्ट्रॉयर’ म्हणतात व आपण ‘विनाशिका’ म्हणतों. गेल्या शतकांतील दोन्हीं महायुद्धांच्या कथनांत बड्या युद्धनौकांचें वर्णन पुष्कळ येतें; परंतु ज्यांच्या पहाऱ्यामुळें इंग्लंडचें अन्नपाणी चालू राहिलें त्या या पातळ पत्र्याच्या नौकांचें चरित्र आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें.

१८६६ सालीं रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज यंत्रज्ञानें एड्रियाटिक किनाऱ्यावरील फ्यूमे येथें आपला स्वयंचलित पाणतीर सिद्ध केला. तेव्हांपासून एखाद्या क्षुल्लक होडीसही अजस्र युद्धनौका बुडविण्याचें सामर्थ्य आलें. फ्रान्सनें अशा होड्या भराभर बांधल्या आणि इंग्रजांची झोंप उडाली. त्यावर उपाय म्हणून जॉन फिशर या आरमारी अधिकाऱ्याच्या पुढाकारानें अधिक मोठ्या व अधिक वेगवान नौका बांधण्याचें ठरलें. त्यांपैकीं यॅरो यांच्या कारखान्यांतील ‘हॅवॉक’ १८९३ सालीं पाण्यांत उतरली. वजन तीनशे टनांहून कमी आणि वेग ताशीं सुमारें २६ सागरी मैल. तिच्या जातीचें पुरें नांव ‘पाणतीर-होड्यांची विनाशिका’ असें होतें; पुढें त्यांतील पूर्वार्ध गळून पडला. म्हणजे जन्मापासूनच तिचा धर्म दुसऱ्याच्या रक्षणाचा होता, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

तिच्या रचनेचें मर्म वेगांत आहे, आणि वेग ही मोठी महाग वस्तु आहे. जहाजाचा वेग दुप्पट करावयाचा तर यंत्रांची शक्ति साधारणतः आठपट लागते. म्हणून विनाशिकेच्या पोटांतील बहुतेक जागा बॉयलरांनीं व इंजिनांनीं व्यापलेली. चिलखत नाहीं, कोळशास किंवा तेलास जागा बेताची. वेगाच्या हव्यासाची किंमत लौकरच कळली. १९०१ सालीं टर्बाईन बसविलेली ‘कोब्रा’ ही नवी विनाशिका उत्तर समुद्रांत दुभंगली व ६७ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर १९०३ पासून आलेल्या ‘रिव्हर’ वर्गाच्या नौकांत ताशीं ३० मैलांचा हट्ट सोडून साडेपंचवीसांवर समाधान मानलें गेलें. नाळेकडील भाग उंच व सांगाडा बळकट करण्यांत आला. शांत पाण्यांतील शर्यत जिंकण्यापेक्षां खवळलेल्या समुद्रांत टिकणें महत्त्वाचें, हा तो पहिला धडा होय.

दुसरा धडा पहिल्या महायुद्धानें दिला. १९१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या जटलंडच्या लढाईंत इंग्रजांच्या आठ विनाशिका बुडाल्या. ‘शार्क’चा कप्तान लॉफ्टस जोन्स याचा पाय तोफेच्या गोळ्यानें तुटला, तरी तो शेवटची तोफ चालवीत राहिला, त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तथापि इंग्लंडचें खरें मरण त्या समरांगणांत नव्हतें. १९१७ च्या एप्रिलांत, एकाच महिन्यांत, साडेआठ लाख टनांहून अधिक व्यापारी जहाजें समुद्राच्या तळाशीं गेलीं. पाणबुड्या देशाचें अन्न तोडूं पाहत होत्या. व्यापारी जहाजांचे तांडे करून त्यांभोंवतीं विनाशिकांचा पहारा ठेवावा, या सूचनेस नाविक खात्याचा आरंभीं विरोध होता. इतक्या जहाजांना राखण आणावी कोठून, ही त्याची अडचण. परंतु त्या मोजणींत किनाऱ्याकिनाऱ्यानें फिरणाऱ्या लहान गलबतांच्या फेऱ्याही धरल्या होत्या! मे महिन्यापासून तांड्यांची पद्धति सुरू झाली आणि बुडणाऱ्या जहाजांचें प्रमाण उतरणीस लागलें.

एवढा अनुभव पदरीं असतां पुढील वीस वर्षांत नव्या विनाशिका आंखतांना दृष्टि पुन्हां आरमारी लढायांकडेच वळली. ‘ट्रायबल’ वर्गाच्या नौकांवर ४.७ इंची आठ तोफा होत्या. पण त्यांचीं तोंडें ४० अंशांपलीकडे वर होत नसत. डोक्यावर येणाऱ्या विमानांपुढें त्या हतबल ठरत. इंग्लंडनें आपल्यासाठीं बांधलेल्या अशा सोळांपैकीं बारा नौका दुसऱ्या महायुद्धांत नष्ट झाल्या. १९४० सालीं डंकर्कच्या किनाऱ्यावरून जे ३,३८,००० सैनिक सुटले, त्यांतील सुमारें एक लाख विनाशिकांनीं आणले; त्या कामीं सहा इंग्रज विनाशिका कायमच्या गेल्या. १९४१ च्या मे महिन्यांत क्रीटजवळ विमानांनीं बुडविलेल्या ‘केली’चे कप्तान लॉर्ड माउंटबॅटन हेच पुढें १९४७ सालीं हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय झाले.

अटलांटिकवर निराळीच उणीव उघडकीस आली. वेगवान नौकेचें इंधन अर्ध्या वाटेंतच संपूं लागे आणि तांडा पहाऱ्यावांचून राही. यावर निघालेला उपाय आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वर्गांतील कित्येक जुन्या विनाशिकांच्या तीन बॉयलरांपैकीं एक काढून टाकण्यांत आला आणि त्या जागीं तेलाच्या टांक्या बसविल्या. वेग ताशीं ३४ मैलांवरून सुमारें २५ वर आला. परंतु नौका तांड्यासोबत महासागर ओलांडूं लागली. जिचा जन्मच वेगासाठीं, तिनें वेग सोडला तेव्हां ती पूर्णपणें उपयोगी पडली.

या म्हाताऱ्या नौकांचा पराक्रमही लहान नव्हे. १९४१ च्या मार्चांत एका रात्रीं ‘व्हॅनॉक’नें रडारच्या साहाय्यानें हेरून एका जर्मन पाणबुडीस धडक देऊन बुडविलें. थोड्याच वेळांत तिची सोबतीण ‘वॉकर’ हिनें ओटो क्रेट्शमर या सर्वांत यशस्वी पाणबुडी-कप्तानास पाण्यावर येण्यास भाग पाडून कैद केलें. दोन्हीं नौका १९१७ सालच्या! नवीं उपकरणें, कसलेले नावाडी आणि दूरवर उडणारीं विमानें यांच्या मेळानें १९४३ च्या मे महिन्यांत जर्मनांच्या ४१ पाणबुड्या नाश पावल्या आणि सेनापति डोनिट्झनें आपला ताफा उत्तर अटलांटिकांतून मागें घेतला.

ही कथा केवळ परक्यांची नव्हे. ज्या व्यापारी जहाजांची राखण चालली होती त्यांवर हिंदी खलाशी हजारोंनीं होते. कोंकणांतले होते, गोमांतकांतले होते. त्यांतील अनेकांना समुद्रानेंच पोटांत घेतलें. जे परतले त्यांच्या घरचे दिवे या पहाऱ्यानें राखले. पुढें १९४९ सालीं अशाच तीन इंग्रज विनाशिका स्वतंत्र भारताच्या आरमारांत ‘राजपूत’, ‘रणजित’ व ‘राणा’ या नांवांनीं दाखल झाल्या. शस्त्राची योग्यता त्याच्या नांवावरून किंवा दिमाखावरून ठरवूं नये. त्यानें कोणास मारलें याचा हिशेब इतिहास ठेवतोच. त्याच्या आडोशानें किती जण सुखरूप घरीं पोंचले, हाही हिशेब त्याच वहींत मांडला पाहिजे.